शेजेपुरतं गाव

एका इंग्रज बाईंच्या आठवणींचं पुस्तक मी सध्या मराठीत आणते आहे. लंडनच्या वायव्येला, मेट्रोपॉलिटन रेल्वेच्या कडेने वसलेल्या एका उपनगरात त्यांचं लहानपण गेलं. पुस्तकात वरवर पाहता काही घडत नाही. वडील सकाळी ठरलेल्या गाडीने जातात, संध्याकाळी ठरलेल्या गाडीने परत येतात, रविवारी मेंदीचं कुंपण कापतात. भाषा साधी, वाक्यं आखूड. सोपं काम आहे असं समजून मी ते घेतलं आणि पहिल्याच पानावर अडले, 'कम्यूटर नेबरहुड' या दोन शब्दांशी.

'कम्यूटर'साठी आपल्याकडे बोलण्यातले शब्द आहेत. तालुक्याच्या गावी राहून खेड्यातल्या शाळेत शिकवणारे मास्तर 'अप-डाऊन करतात'. मुंबईत लोक 'पास काढतात'. 'चाकरमानी' हा शब्द तर किती नेमका. पण चाकरमान्याचं घर कोकणात असतं, मुंबईत त्याची नुसती खोली. इंग्रज कम्यूटर रोज रात्री घरी येतो, आणि तरीही दिवसभर त्या घराचा नसतो. मूळ शब्द अमेरिकन रेल्वेचा. एकोणिसाव्या शतकात तिथे रोजच्या भाड्याऐवजी एकरकमी, सवलतीचं 'कम्युटेशन तिकीट' मिळे, ते घेणारा तो कम्यूटर. आपल्याकडचे सरकारी नोकर निवृत्त होताना पेन्शनीचा काही भाग 'कम्यूट' करतात, तोच हा शब्द. कागदावर त्याला अंशराशीकरण म्हणतात, पण बोलताना सगळे 'पेन्शन विकली' असंच म्हणतात. एक देऊन त्याच्या बदल्यात दुसरं घेणं. आपण काय विकलं हा प्रश्न तिथे कुणी विचारत नाही, कारण रक्कम हातात आलेली असते.

'नेबरहुड'चं दुखणं वेगळं. ती जागा आहे, नकाशावर दाखवता येते. आपला 'शेजार' दाखवता येत नाही. तो लाभतो, तुटतो, चांगला असतो किंवा नसतो. घर बदलल्यावर आई फोनवर विचारते, "शेजार कसा आहे?" आणि आपण उत्तरात माणसं सांगतो, रस्ते सांगत नाही. मी आधी 'नोकरदारांची वस्ती' असं लिहिलं, ते खोडलं. पुढे लेखिका त्याच उपनगराला 'डॉर्मिटरी' म्हणतात, तिथे मला 'शेजेपुरतं गाव' सुचलं. 'शेजार' या शब्दात कानाला 'शेज' ऐकू येतेच. जवळ निजतो तो शेजारी, एवढीच व्याख्या धरली तर मला भरपूर शेजारी आहेत. आमच्या टॉवरच्या एका मजल्यावर चार दारं, असे अठरा मजले.

हे काम मी करते ते मात्र तिथे नाही, तर कोपर्निकस मार्गाच्या टोकाला. मंडी हाउसच्या चौकात रवींद्र भवन आहे, तिथल्या साहित्य अकादमीच्या ग्रंथालयात. तिथून इंडिया गेटपर्यंत जाणारा हा रस्ता इंग्रजांच्या काळी लिटन रोड होता. कमानी सभागृह, दूरदर्शनची इमारत, जुनं महाराष्ट्र सदन, सगळं याच्यावर. बहुतेक मराठी माणसाला दिल्लीतला हा एकच रस्ता नावानिशी माहीत असतो, आणि तो सदनामुळे. या रस्त्यावर स्वतःचं घर असलेला माणूस मला अजून भेटलेला नाही. फाटकावरचा चहावाला मंडावलीहून सायकलने येतो, पहारेकरी लोणीहून दोन बस बदलून, नट-नट्या कुठून कुठून. पृथ्वी मध्यभागी नाही, तीच फिरते, असं १५४३ साली छापून सांगणाऱ्या माणसाचं नाव रोज फिरत येणाऱ्यांच्या रस्त्याला मिळालं आहे. एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही, पण गाडीत उभं राहून विचार करायला बरं पडतं.

आणि हेही खरं, की माझा शेजार जर कुठे असेल तर तो इथे आहे. चहावाल्याच्या बायकोच्या गुडघ्याचं ऑपरेशन कधी आहे ते मला ठाऊक आहे. पहारेकऱ्याच्या मुलीला बारावीला रसायनशास्त्रात किती पडले तेही. मी दोन दिवस गेले नाही तर ग्रंथालयातले एक वयस्कर कर्मचारी तिसऱ्या दिवशी विचारतात, "तबीयत ठीक थी?" माझा पत्ता गाझियाबादचा आहे. तिथे मला हे कुणी विचारत नाही, आणि मीही कुणाला विचारत नाही.

आमच्या सोसायटीच्या नावात 'काउंटी' आहे. म्हणजे इंग्लंडातलं उपनगर मी अनुवादापुरतंच बघते असं नाही, कागदोपत्री मी तिथेच राहते. घर घेताना बिल्डरने दिलेल्या चकचकीत पुस्तिकेत उतरत्या छपराचा बंगला होता, हिरवळ होती, कुत्रा होता. मेट्रो स्टेशन किती मिनिटांवर ते मोठ्या अक्षरांत. हे तंत्र शंभर वर्षं जुनं आहे. मेट्रोपॉलिटन रेल्वेकडे रुळांच्या कडेची जास्तीची जमीन होती. ती विकायची तर तिथे राहणारे हवेत, आणि राहणारे आले की रोजचे प्रवासीही आपोआप मिळणार. १९१५ साली कंपनीने त्या सगळ्या पट्ट्याला 'मेट्रो-लँड' असं नाव दिलं, आणि १९३२ पर्यंत त्या नावाची सचित्र पुस्तिका दरवर्षी काढली. गुलाब, पायवाटा, आणि शहर इतक्या मिनिटांवर. गाव रेल्वेने पोचवलं नाही, रेल्वेने बनवलं. आमच्याकडे १९७६ साली नोएडा आखलं गेलं. १९८५ साली राजधानी क्षेत्राच्या नियोजनाचा कायदा झाला, दिल्लीवरचा भार आजूबाजूच्या गावांवर वाटून टाकावा या हेतूने. तो भार म्हणजे आम्ही. रात्री इकडे टाकायचा, सकाळी परत उचलायचा.

माझी मावसबहीण हॅरोजवळ राहते. जुन्या मेट्रो-लँडमध्येच, एका जुळ्या घराच्या डाव्या अर्ध्यात. तिच्याकडे तीन आठवडे राहिले तेव्हा दिवसा अकरा वाजता मी रस्त्यावर उभी राहून बघत असे. गाड्या गेलेल्या, पडदे ओढलेले, एखादी म्हातारी बाई कचऱ्याचा डबा आत नेते आहे. शांतता म्हणावी तर शांतता, ओसाडी म्हणावी तर ओसाडी. पण ताईला सगळ्या गल्लीची घरं नंबरांनी पाठ होती. पार्सल आलं आणि घरी कुणी नसलं की पोस्टमन ते शेजारी देतो आणि दारातून चिठ्ठी आत टाकतो, सामान चौदा नंबरला आहे म्हणून. चौदा नंबरवाली इंग्रज बाई ताईशी अकरा वर्षांत पार्सल आणि हवामान याशिवाय काही बोललेली नव्हती. पण एका बुधवारी ताईचा कचऱ्याचा डबा बाहेर आला नाही म्हणून तिने बेल वाजवली. ताई तापाने पडली होती. बाईंनी दारातूनच विचारलं, काही लागलं तर सांग म्हणाल्या आणि गेल्या. आत आल्या नाहीत. ताईला त्याचा थोडा रागही आला होता. मला आता वाटतं, आत न येणं हा त्यांचा स्वभाव होता, पण बेल वाजवणं हा त्यांचा धर्म होता, आणि दोन्हींत गल्लत करायचं कारण नाही.

माझ्या पुस्तकातही अशीच एक खूण आहे, दुधाच्या बाटल्यांची. सकाळी दूधवाला दारात बाटल्या ठेवून जाई. एखाद्या दारात कालची बाटली तशीच दिसली की तोच थांबून दार ठोकी. पुढे लोक दूध सुपरमार्केटातून आणू लागले. बाटली गेली, तशी ती खूणही गेली. लेखिका याबद्दल हळहळत वगैरे नाही, नोंद करून पुढे जातात.

हे प्रकरण मी मागच्या छठच्या आठवड्यात करत होते. फार जुळवून सांगितल्यासारखं वाटेल, पण घडलं तसंच सांगते.

आमच्या समोरच्या दारात एक पंजाबी गृहस्थ राहत. मी त्यांना अंकलजी म्हणे, ते मला बेटा. पत्नी वारलेल्या, मुलगा बंगळूरला. मजल्यावर वर्तमानपत्र घेणारे ते एकटेच उरले होते. त्यांच्याकडे धुणंभांडी आणि स्वयंपाक करणारी बाई खोड्याहून यायची, ती छठसाठी गावी गेली होती. त्या आठवड्यात सगळ्या सोसायटीच्याच बाया गेलेल्या असतात. मंगळवारी सकाळी मी निघाले तेव्हा त्यांच्या दारात पेपर पडलेला होता. बुधवारी निघाले तेव्हा दोन होते.

बुधवारी अकरा वाजता ती बाई परत आली. बेल वाजवून दार उघडेना, तेव्हा ती खाली धावली. पहारेकऱ्याने कुलूपवाल्याला बोलावलं. अंकलजी न्हाणीघरात होते. सोमवारी रात्री घसरून पडले होते, खुब्याचं हाड मोडलेलं. बादलीतलं पाणी हाताला लागत होतं म्हणून निभावलं. शुद्धीवर होते.

संध्याकाळी सोसायटीच्या कमिटीने मला खालच्या खोलीत बोलावलं. दार शेवटचं कधी उघडलं ते मुलाला कळवायचं होतं, आणि कॅमेऱ्याचं चित्र नीट बघून सांगणारं कुणी मजल्यावरचं हवं होतं. ते बघता बघता पडद्यावर मी आले. बुधवार, सात बावन्न. मी दाराला कुलूप लावते, वळते, दोन पेपर बघते, थांबते. मग चपलेच्या टोकाने वरचा पेपर भिंतीकडे सरकवते, कुणाचा पाय पडू नये म्हणून. मनगटावरचं घड्याळ बघते. लिफ्टचं बटण दाबते. खोलीत कुणी काही बोललं नाही. सेक्रेटरींनी पुढचं चित्र लावलं.

मी त्या थांबण्यात काय विचार केला ते मला आठवतं. बाहेरगावी गेले असतील. तो विचार खोटा नव्हता, पण त्याच्यावर माझा विश्वासही नव्हता. बाहेरगावी जाताना ते पेपर बंद करून जात, आणि मला ते ठाऊक होतं, कारण 'चार दिन के लिए अखबार बंद' असं ते पेपरवाल्याला लिफ्टपाशी ओरडून सांगत. म्हणजे मला दिसलं नाही असं नाही. मला दिसलं, आणि दिसलेल्याचा अर्थ काढायला लागणारी अर्धी मिनिटं मी दिली नाहीत.

नव्या करारातली जखमी वाटसरूची गोष्ट सगळ्यांना माहीत असते. एक कायदेपंडित येशूला विचारतो की माझा शेजारी कोण, आणि उत्तरादाखल ही गोष्ट येते. मराठी बायबलातही तिथे 'शेजारी' हाच शब्द आहे. इतकी वर्षं माझ्या हे लक्षात आलं नव्हतं, की शेजाऱ्याच्या या गोष्टीत कुणीच कुणाच्या शेजारी राहत नाही. ती रस्त्यावर घडते, यरुशलेमहून यरीहोला उतरणाऱ्या वाटेवर. याजक जातो, लेवी जातो, शोमरोनी थांबतो, सगळे कुठून तरी कुठे तरी निघालेले. १९७३ साली प्रिन्स्टनमधल्या डार्ली आणि बॅटसन या दोन मानसशास्त्रज्ञांनी याच गोष्टीवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. धर्मशास्त्राच्या चाळीस विद्यार्थ्यांना छोटंसं भाषण द्यायला शेजारच्या इमारतीत पाठवलं. काहींचा विषय हीच गोष्ट होती. वाटेत एक माणूस वाकून, खोकत, कण्हत बसवून ठेवलेला. ज्यांना 'सवडीने जा' म्हटलं होतं त्यांच्यातले ६३ टक्के त्याच्याशी थांबले, मधल्यांतले ४५ टक्के, आणि 'उशीर झाला, पळा' असं ज्यांना सांगितलं त्यांच्यातले १० टक्के. भाषणाचा विषय कोणता, याने म्हणावा असा फरक पडला नाही.

हा प्रयोग वाचून मला पहिल्यांदा जे वाटलं ते सांगायला लाज वाटते. सुटल्यासारखं वाटलं. दोष माझा नाही, घाईचा आहे. आणि घाई तर माझी नव्हेच, ती पंचवीस किलोमीटर दूर, स्वस्त म्हणून घेतलेल्या घराची, वैशालीच्या शेअर रिक्षाच्या रांगेची, राजधानी क्षेत्राच्या आराखड्याची. कुणीतरी घरं इकडे आणि कामं तिकडे ठेवली, त्यात मी काय करणार? हा युक्तिवाद अर्धा खरा आहे म्हणून धोक्याचा आहे. सगळी वस्तीच घाईत जगते तेव्हा चांगली माणसंसुद्धा चांगली वागत नाहीत, हे खरं. पण मेट्रोचं काय? मला ठरलेली गाडी नव्हती. सकाळी तिथे दर काही मिनिटांनी गाडी असते. एक चुकली असती तर दुसरी होती. कोपर्निकस मार्गावर माझी वाट कुणी बघत नव्हतं, मी पानावर पैसे घेणारी अनुवादक आहे. मी घाईत होते कारण सात बावन्नला आमच्या मजल्यावर सगळेच घाईत असतात.

इथे मला डोंबिवली आठवते. मी तिथे वाढले, वडील पंचवीस वर्षं व्हीटीला नोकरीला गेले. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी धावली, तिच्या पुढच्या रुळांवर जी गावं फुगली त्यातलंच आमचं. शेजेपुरतं म्हणायचं तर त्याच्याइतकं शेजेपुरतं गाव दुसरं नसेल. चाळीच्या शेजाराचे गोडवे मी गाणार नाही. गॅलरीतून जाणाऱ्याला प्रत्येक दारातलं दिसे, त्यामुळे पेपर दोन दिवस पडून राहिला नसता हे खरं. पण कुणाकडे कोण आलं आणि कुणाची मुलगी किती वाजता परतली हेही त्याच गॅलरीतून दिसे, आणि मी तिथून निसटायला आतुर होते. मला आठवतो तो वडिलांचा दुसरा शेजार, गाडीतला. त्यांची गाडी ठरलेली, डबा ठरलेला, चौथी सीट ठरलेली. त्या डब्यात टाळ वाजवत भजन चाले, दसऱ्याला गाडीला हार आणि पेढे, कुणाची मुलगी पाहायला येणार असेल तर चर्चा. एकदा वडील कावीळ होऊन पडले. तिसऱ्या संध्याकाळी एक गृहस्थ पत्ता शोधत आमच्या दारात उभे राहिले. ठाकुर्लीचे होते, वडिलांचं पूर्ण नावही त्यांना माहीत नव्हतं. "तीन दिवस गाडीला दिसले नाहीत," एवढंच म्हणाले. आईने त्यांना चहा दिला तो आम्ही मुलं दारातून बघत होतो, चोर पकडल्यासारखे.

गर्दीचं, लोंबकळण्याचं, रुळांवर जाणाऱ्या जीवांचं मोल देऊन तो शेजार मिळत होता, आणि त्याच्यासाठी लोकलचं कौतुक करण्याइतकी मी दुष्ट नाही. पण एक गोष्ट तिथे होती जी आमच्या मेट्रोत नाही: न दिसण्याला जागा होती. ठरलेल्या गाडीत रोजचा माणूस आला नाही तर ते रिकामपण दिसतं. दर चार मिनिटांनी गाडी आली की कुणीच कुणाला हुकत नाही. सोय जितकी वाढते तितकं एकमेकांचं गैरहजर असणं अदृश्य होत जातं. माझ्या पुस्तकातले इंग्रज वडीलसुद्धा फलाटावर रोज त्याच जागी उभे राहत, त्याच दोन माणसांच्या मध्ये, आणि वर्षानुवर्षं त्यांच्याशी बोलले नाहीत. पण त्यांना ती माहीत होती.

मग देणं काय लागतो आपण त्यांचं, ज्यांच्याजवळ आपण फक्त निजतो? मैत्री नाही, असं मला अजूनही वाटतं. वाटीतून भाजी देणं-घेणं नाही, एकमेकांच्या घरात शिरणं नाही. शहरात माणूस येतो त्यातलं एक कारण हेच, की शेजाऱ्याला त्याचं सगळं माहीत नसावं. जात विचारली जाऊ नये, परतायची वेळ विचारली जाऊ नये. माझ्यासारख्या एकट्या बाईला ही मोकळीक काय आहे ते मी जाणते, आणि ती सोडायला सांगणारा शेजारधर्म मला नको. हॅरोच्या चौदा नंबरवाल्या बाईंनी केलं तेवढं मात्र लागतो: डबा बाहेर आला नाही हे दिसलं, तर बेल वाजवणं. ते प्रेम नाही. दिसलेलं न दिसल्यासारखं न करणं, एवढंच आहे. प्रेम कामाच्या जागी करता येतं, मी ते कोपर्निकस मार्गावर करतेही. पण चहावाल्याच्या बायकोच्या गुडघ्याची चौकशी ही समोरच्या दारातल्या दोन पेपरांची भरपाई होत नाही. तसा हिशोब मी काही दिवस करून पाहिला.

ऑपरेशननंतर मी अंकलजींना भेटायला गेले. चित्रातलं सांगायचं ठरवून गेले होते. ते कुशीवर वळता येत नाही म्हणून वैतागले होते, जेवण बेचव आहे म्हणत होते. मी उठायच्या बेतात असताना म्हणाले, "बेटा, तुम्हारे ताले से टाइम पता चल रहा था." दोन सकाळी आणि मंगळवारची एक संध्याकाळ, माझ्या कुलपाचा आवाज डक्टमधून त्यांना ऐकू येत होता. त्यावरून त्यांनी दिवस मोजले. हाक मारली का, असं मी विचारलं नाही. त्यांनी सांगितलंही नाही. चित्रातलं मी त्यांना त्या दिवशी बोलले नाही, आणि डिसेंबरात मुलगा त्यांना बंगळूरला घेऊन गेला.

समोर आता एक जोडपं भाड्याने आलं आहे, दोघंही गुरुग्रामला जातात. दारावर पाटी नाही, पेपर घेत नाहीत, दूध ॲपवरून येतं आणि पिशवी लगेच आत जाते. दाराबाहेर पडून राहील असं त्यांचं काहीच नाही. गेल्या रविवारी लिफ्टपाशी मुलगी भेटली, तेव्हा मी तिचा फोन नंबर मागितला. तिने विचारलं, "किसलिए, आंटी?" मला लवकर उत्तर देता आलं नाही. "समोर राहते म्हणून," असं मी हिंदीत म्हटलं, ते तिला पुरेसं वाटलं नसावं. तरी तिने नंबर दिला, आणि तिथेच उभी राहून माझ्याकडून एक मिस्ड कॉल घेतला.